चाळीस नंबरची तानुबाई

निगडीच्या प्राधिकरणात ज्येष्ठ नागरिकांचं एक विरंगुळा केंद्र आहे. दर गुरुवारी चार वाजता तिथं म्हातारी माणसं जमतात. एका गुरुवारी खातूनबी पोचली, तर केंद्रातल्या चाळीसही प्लास्टिकच्या खुर्च्या पालथ्या पडलेल्या, आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे नवे अध्यक्ष गुरुदत्त साहेब लेंग्याला रंग लागू नये म्हणून मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यांच्या पाठींवर पांढऱ्या रंगानं आकडे काढत बसलेले. बाजाराला न्यायच्या म्हशींवर खुणा कराव्यात तसे.

"साहेब, खुर्च्या चोरीला जायला लागल्या का?" खातूनबीनं विचारलं.

"चोरीचा प्रश्न नाही. ज्येष्ठतेचा प्रश्न आहे."

"इथं ज्येष्ठ कोण नाही मग? सगळ्यांत लहान मी, अन् माझ्या पण दाढा गेल्या."

साहेब हसले नाहीत. हसलं की पद उतरतं, अशी काही माणसांची समजूत असते.

गुरुदत्त साहेब दिल्लीला राज्यसभेच्या कचेरीत सव्वीस वर्षं नोकरीला होते. रिटायर होऊन निगडीत आले त्याला सहा वर्षं झाली, पण तोंडातून दिल्ली काही निघेना. दर दोन वाक्यांमागं "आमच्या सभागृहात" यायचंच. मांडव घालणाऱ्यानं नवरी आपली म्हणावी, तसं ते "आमच्या." कोण सभासद किती साली आला, कुणाची मुदत सलग, कुणाची तुटक, कोण पुढच्या ओळीत आणि कोण मागच्या, ही सगळी यादी म्हणे त्यांच्या हातात असायची. बायका माना डोलवायच्या. एकदा मटार सोलता सोलता त्यांची बायको चित्रा खातूनबीला हळूच म्हणाली, "यादी ठरवणारे अधिकारी वेगळे होते हो. हे टाइप करायचे."

खातूनबीनं ते कुणाला सांगितलं नाही. टाइप करणं काही वाईट काम नाही. पण स्वयंपाकाची यादी लिहिणाऱ्यानं जेवण आपणच रांधलं म्हणून फिरू नये, एवढंच.

तर साहेबांनी नियम केला. जो संघात आधी आला आणि न चुकता येत राहिला, त्याचा नंबर वरचा. रजिस्टरात सलग तीन महिने सही नसली, की खंड पडला. जुनं सगळं पुसलं, माणूस शेवटच्या नंबरवर. पाच पाच खुर्च्यांच्या आठ ओळी, आणि ज्यानं त्यानं आपापल्या नंबरवर बसायचं. पहिला नंबर कुणाचा? साहेबांचा. सहा वर्षांपूर्वी आलेला माणूस पहिला कसा? तर दिल्लीची सव्वीस वर्षं 'पूर्वसेवा' म्हणून जोडून घेतलेली.

निगडी डेपोतून रिटायर झालेले ज्योतीराम ड्रायव्हर म्हणाले, "मग माझी बशीतली तेहतीस वर्षं पण जोडा की राव. तुम्ही नुसत्या याद्या केल्या, मी रोज माणसं बसवली."

"तो विषय वेगळा आहे," साहेब म्हणाले. आणि लगेच छाती काढून, "इथं पक्षपात नाही. माझी पत्नीसुद्धा सतराव्या नंबरवर आहे."

सतराव्या नंबरवरून चित्रानं खिडकीबाहेर बघितलं.

खातूनबीचा नंबर चौथा आला. तिला त्याचं काही वाटलं नाही. टिळक चौकाजवळ तिच्या नवऱ्याचं, नवाबभाईचं, सीट कव्हरचं दुकान होतं. आता शाहरुख, तिचा मुलगा, बघतो. खातूनबीनं नवऱ्याच्या शेजारी बसून चाळीस वर्षं मशीन चालवलं. रिक्षाच्या सीटा शिवल्या, टेम्पोच्या शिवल्या, चाकणच्या कंपन्यांना माणसं नेणाऱ्या गाड्यांच्या शिवल्या, एकदा तर लाल दिवा लावून हिंडणाऱ्या एका पुढाऱ्याच्या गाडीची पण शिवली. वरचं रेक्झीन उसवलं की आत सगळीकडे तोच पिवळा फोम. त्यामुळे सीटवरून माणूस ओळखायची सवय तिला कधी लागलीच नाही.

तिला वाईट वाटलं ते तानुबाईचं.

तानुबाई मूळची चिखलीची. अख्खं आयुष्य निगडीच्या चौकात मेथी-कोथिंबीर विकली. वय अठ्ठ्याहत्तर. डावा कान साफ गेलेला, उजवा पण तोंड जवळ नेऊन बोललं तरच चालायचा. अक्षराशी ओळख नाही. घरात लेक-सून कामावर, नातवंडांच्या कानांत सदा ती मोबाइलची पांढरी बोंडं. म्हातारीच्या कानाशी येऊन बोलायला वेळ कुणाला? म्हणून ती गुरुवारची वाट बघायची. गुरुवारी सुखदाबाई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, पुढं उभ्या राहून पेपर वाचायच्या, आणि शेजारी बसलेली खातूनबी ते सगळं तानुबाईच्या उजव्या कानात ओतायची. जसंच्या तसं नव्हे, आपला मसाला घालून. सुखदाबाईंनी वाचलं, "तापमान चाळीस अंशांवर जाण्याची शक्यता," की खातूनबी सांगायची, "ऊन तापणार आहे, सुनेला सांग कैऱ्या आण, पन्हं कर." अकरा वर्षं तानुबाईला जगाची बातमी अशी पन्ह्यासकट मिळत आली.

साहेबांनी नंबर घातले तेव्हा तानुबाई इथं नव्हतीच. नातीचं बाळंतपण होतं चाकणला. नात आणि नातजावई दोघं कंपनीत, दोघांच्या शिफ्टा उलट्यापालट्या. म्हातारी चार महिने तिथं राहिली, बाळाला न्हाऊमाखू घातलं, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एका गुरुवारी केंद्रात आली. सरळ पुढच्या ओळीत गेली, खातूनबीच्या शेजारी टेकली.

साहेबांच्या पुढ्यात टेबल, टेबलावर रजिस्टर आणि एक पितळी घंटी. त्यांनी घंटी वाजवली. "तिथं नाही. तुमचा नंबर चाळीस."

"काय म्हनतो ह्यो?" तानुबाईनं खातूनबीला विचारलं.

खातूनबी साहेबांनाच म्हणाली, "अहो, नातीचं बाळंतपण होतं."

"यादीत कारणाचा रकाना नसतो, खातूनबी." हे वाक्य साहेबांनी असं म्हटलं, जसं काही ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवायचं आहे. मग त्यांनी गोष्ट सांगितली. दिल्लीत एका सभासदाची मुदत संपली, तो पुन्हा निवडून आला, पण बायको आजारी म्हणून शपथेला उशिरा पोचला. बारा वर्षांची ज्येष्ठता गेली, पुढच्या ओळीतून थेट मागं. "रडायला आला होता माझ्या टेबलापाशी. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम." खरं किती आणि तिखटमीठ किती, ते दिल्लीलाच माहीत. पण खरं असलं तर त्यात मिरवण्यासारखं काय होतं, हे खातूनबीला काही केल्या कळेना. आजाऱ्याची उशी काढून घेणाऱ्यानं उशी चांगली झटकली म्हणून शाबासकी मागावी, तसली तऱ्हा.

तानुबाई डबा उचलून मागं गेली. चाळीस नंबर म्हणजे पाण्याच्या कूलरच्या अंगाला, वर खडखडणारा पंखा. खातूनबीनं पहिल्या ओळीतून मान वळवून ओरडून सांगायला सुरुवात केली. "तानुबाईऽ, पाणी एक दिवसाआड येणाराय!" घंटी वाजली. "तानुबाईऽ, कांदा महागला!" पुन्हा घंटी. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "सभागृहात आरडाओरडा चालणार नाही." सभागृह म्हणे! मागच्या भिंतीवर मधुमेहाचा तक्ता आणि कोपऱ्यात कॅरमबोर्ड, आणि हे सभागृह.

पुढच्या गुरुवारी तानुबाई आली नाही. खातूनबी तिच्या घरी गेली, तर म्हातारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"मी न्हाई येनार आता," ती म्हणाली. "तिथं बसून भित बगायची, तर घरची भित काय वंगाळ हाय?"

"तीन महिने नाही आलीस तर परत खंड धरतील."

"धरूं दे की. चाळिसाच्या मागं काय हाय? दार हाय."

खातूनबीनं तिचा हात धरला. "पुढच्या गुरुवारी एकदा ये. माझ्या गळ्याची शपथ. मग नको येऊस."

परतताना ती दुकानात शाहरुखच्या शेजारी जरा बसली. एक रिक्षावाला त्याला सांगत होता, मागची सीट काढून उलटी बसव, तिची पुढची कड झिजली आहे. खातूनबी बराच वेळ त्या सीटकडे बघत राहिली.

गुरुवारी ती साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली. "मला चार नंबर सोडायचा आहे. आणि लगेच परत नाव घालायचं आहे. नवीन माणूस कुठं बसतो?"

"शेवटी. चाळीस. पण—" साहेबांचे डोळे लकाकले. अध्यक्ष झाल्यापासूनचा हा पहिला राजीनामा! "तो स्वहस्ते लिहिलेला लागतो. आणि स्वेच्छेने दिलेला. आमच्या सभागृहात दोन्ही तपासतात."

खातूनबी तिसरीपर्यंत शिकलेली. जीभ दातांत धरून तिनं लिहिलं, 'मी खातूनबी चार नंबर सोडते. लगेच परत येते.'

"'परत येते' हे राजीनाम्यात लिहीत नाहीत."

"मग कागदाच्या पाठीवर लिहू?"

साहेबांनी पट्टी ठेवून लाल पेनानं तिचं नाव खोडलं. "अकरा वर्षं गेली तुमची, खातूनबी. विचार केलात ना?"

"अकरा वर्षं मी जगले, साहेब. ती कशी जातील?"

ती मागं चालत गेली. नियमानं तिच्या मागचे सगळे एकेक खुर्ची पुढं सरकले, तानुबाई एकोणचाळीसवर आणि तिच्या उजव्या हाताला, चाळीसवर, खातूनबी. उजव्या हाताला म्हणजे उजव्या कानाला. डिंकाचा लाडू निघाला. पंखा खडखडत होता, पण कानाशी तोंड असल्यावर पंख्याचं काय चालतंय?

चहाच्या वेळी सुखदाबाई बोटांवर मोजत होत्या. हिशेबाच्या बाई त्या. "खातूनबी मागं गेल्या, तर आपण सगळे एकेक पुढं आलो. मी राजीनामा दिला तर तानुबाई अडतीस. अजून एकानं दिला तर सदतीस."

ज्योतीराम मिशीत हसले. "बशीत दुसरं काय असतं हो बाई? पुढचे उतरले की मागचे पुढं."

आणि मग उतरायला लागले. त्या गुरुवारी दोघं, पुढच्या गुरुवारी सात, त्याच्या पुढच्याला अकरा. बकरीपुढं पाला टाकावा तसे लोक साहेबांपुढं राजीनामे टाकत होते आणि साहेब तो पाला मिटक्या मारत खात होते. अख्खा बुधवार नवी यादी टाइप करण्यात जायचा. "स्वेच्छेने पद सोडणं ही फार उच्च परंपरा आहे," ते म्हणायचे. सव्वीस वर्षांत एवढ्या याद्या त्यांना बदलायला मिळाल्या नसतील. माणसाच्या तोंडावर असं तेज यावं ते नातवंड झाल्यावर, इथं ते लाल पेनानं नावं खोडून येत होतं. आपल्यापुढं काय चाललंय ते बघायचं तर मान वर करायला हवी होती, आणि मान रजिस्टरात.

पाच गुरुवार झाले. तानुबाई ओळ ओळ करत पुढं आली, उजव्या कानाला खातूनबी घेऊन. पहिल्या ओळीत आता साहेब, मग चित्रा, मग तानुबाई, मग खातूनबी, मग सुखदाबाई.

साहेब उठून उभे राहिले. "नियम किती न्यायी असतो पाहा! ज्या तानुबाई चाळिसाव्या होत्या, त्या आज तिसऱ्या आहेत. धीर धरला, खंड पडू दिला नाही, त्याचं हे फळ. माझी पत्नीच घ्या. सतरावरून दुसरी. आज माझ्या शेजारी."

मागच्या सात ओळींत कुणी खोकलं, कुणी तोंडाला पदर लावला. ज्योतीराम चपलेचा अंगठा नीट करायला वाकले ते वाकलेच.

चित्रा उठली. टेबलावरचा एक कागद ओढला, उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या आणि नवऱ्यापुढं सरकवल्या.

"हे काय?"

"राजीनामा."

खातूनबी कुजबुजली, "अगं चित्रा, आता गरज नाही. तानुबाई आली ना पुढं."

"तानुबाईंसाठी नाही देत."

"अगं, दुसरा नंबर!" साहेबांचा आवाज चिरकला. "चाळीस जणांत दुसरा!"

"म्हणजे तुमच्या शेजारचाच ना?"

"हो!"

"तोच सोडतेय."

दुसरा कुणी असता तर कागद फाडला असता, नाहीतर निदान बायकोच्या तोंडाकडे बघितलं असतं. साहेबांचा हात सवयीनं पट्टीकडे गेला. "स्वहस्ते आहे ना?" ते म्हणाले.

"तुमच्यासमोर लिहिलं."

"स्वेच्छेने?"

"बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला, परत वाचला. "तारीख राहिली," ते म्हणाले. "तारीख घाल."

चित्रानं तारीख घातली आणि सगळ्यांच्या मधून चालत मागं गेली, कूलरपाशी, चाळीस नंबरवर. चपला काढल्या आणि पाय लांब सोडले.

नियमानं तानुबाई एक खुर्ची सरकून साहेबांच्या शेजारी आली, खातूनबी तिच्या मागोमाग. तानुबाईनं कोपर मारलं. "काय झालं गं? काय म्हनली ती?"

खातूनबीनं उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. या वेळी मसाला घातला नाही, घालायला जागाच नव्हती. ऐकता ऐकता तानुबाईचे खांदे हलायला लागले, आणि मग ती चौकात गिऱ्हाइकाला हाक मारायची त्या आवाजात हसली. मागच्या ओळी तेवढ्याचीच वाट बघत होत्या.

साहेबांनी घंटी वाजवली. जोरात वाजवली. पण साहेब तानुबाईच्या डाव्या कानाच्या बाजूला बसले होते.