सहा आणि आठच्या मधलं घर

लक्ष्मम्मा बाई सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवत होत्या. लोहाऱ्यापासून जीपने अर्ध्या तासावरचं गाव, आणि त्या गावात आज तिशीच्या आतला जो कुणी माणूस आहे, तो बाईंच्या चिंचोक्यांवर मोजायला शिकलेला आहे. सरकारने मधल्या काळात रंगीत ठोकळे पाठवले, मण्यांच्या पाट्या पाठवल्या, एकदा बोलणारा प्लास्टिकचा पोपटही पाठवला. तो तिसऱ्या दिवशी मुका झाला. बाईंनी हे सगळं कौतुकाने कपाटात ठेवलं आणि चिंचोक्यांची टोपली बाहेर काढली. फरशीवर खडूने दहा चौकोन ओढायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे एक घर. पोरांनी गोल बसायचं, एकेका घरात एकेक चिंचोका पाठवायचा आणि पाठवताना आकडा मोठ्याने म्हणायचा. मग बाई पदराचे पंख करून कावळा व्हायच्या, चार घरं लुटून न्यायच्या आणि उरले किती ते पोरांनी ओरडून सांगायचं. वजाबाकी हा शब्द त्या पोरांना पहिलीत गेल्यावर कळे, पण कावळा सगळ्यांना पक्का ठाऊक असे.

बाईंचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदच्या बाजूचं. नवरा ईरण्णा गमतीने म्हणायचा, हिला भांडायला कानडी लागतं आणि लाड करायला बी कानडीच. स्वतःला मूल झालं नाही, त्याचा बाईंनी कधी बाऊ केला नाही. तापट होत्या, पण तो ताप मोठ्यांसाठी. पोरांवर आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. गावाला त्यांची एकच गोष्ट विचित्र वाटायची. अंगणवाडीत लपंडाव खेळायचा नाही, म्हणजे नाही. का, ते बाई सांगत नसत.

जानेवारीत नवी पर्यवेक्षिका आली. करिश्मा तिचं नाव, धाराशिवची, वय जेमतेम अठ्ठावीस. स्कूटी लावून आत आली तेव्हा अठरा पोरं सतरंजीवर गोल बसली होती. गोलात एक जागा मोकळी होती, तिथं ती हौसेने मांडी घालून बसली. पोरांचा गलका एकदम थांबला.

‘‘म्याडम, तितं नका बसू,’’ चार वर्षांची शिवांजली म्हणाली.

‘‘का गं? कुणाची जागा आहे?’’

शेजारची दोन पोरं सरकली, मॅडमला दुसरीकडे जागा झाली आणि ती पहिली जागा मोकळीच राहिली. करिश्माला हसू आलं. तिने मोबाईल काढला, व्हिडिओ सुरू केला आणि म्हणाली, ‘‘चला बाई, तुमचा तो प्रसिद्ध खेळ दाखवा.’’

बाईंनी टाळी वाजवली. अठरा गळ्यांतून एक, दोन, तीन निघालं, चिंचोके टकटक घरात पडू लागले. पाच. सहा. आणि मग आवाज बंद झाला. पोरांचे हात पुढे आले, सातव्या घरात चिंचोका ठेवला गेला, अगदी हळू, टक् असाही आवाज न होता. कुणी खाकरलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. एवढी लहान पोरं एवढी गप्प बसू शकतात हे करिश्माने आधी कधी पाहिलं नव्हतं. मग आठ, नऊ, दहा, पहिल्यासारखंच मोठ्याने.

‘‘सात राहिला,’’ करिश्मा म्हणाली.

‘‘राहिला कुठं? म्हणले की,’’ बाई म्हणाल्या. त्यांनी स्वच्छ ऐकला होता.

करिश्माने एकेका पोराला पुढे घेतलं. अठराच्या अठरांनी तेच केलं. सहा, मग मिटलेलं तोंड, मग आठ. शेवटी तिने शिवांजलीला जवळ ओढलं आणि सातव्या घरावर बोट ठेवलं. ‘‘हे काय आहे?’’

‘‘ते तिचं हाय.’’

‘‘तिचं म्हणजे कुणाचं?’’

पोरीने मॅडमकडे असं पाहिलं, जणू विचारण्यासारखी ही गोष्टच नाही. करिश्माच्या अंगावर काटा आला आणि काटा आल्याची तिला लाज वाटली, म्हणून ती जरा कडक झाली. जाताना ओट्यावर उभं राहून तिने सांगितलं, की पहिलीच्या सरांची तक्रार जुनी आहे, या गावची पोरं मोजताना एक आकडा गिळतात. चार आयांनी पोरं लोहाऱ्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायचं ठरवलंय. अठरातली चार गेली की ही अंगणवाडी शेजारच्या वस्तीला जोडली जाईल. ‘‘मी महिन्याने येते बाई. तुम्ही पोरांना सात म्हणायला लावा. नाहीतर मला वर लिहावंच लागेल.’’

बाईंचं डोकं भडकलं. कालची पोरगी, हिच्याच कानात बोळे असतील, असं पुटपुटत त्या घरी गेल्या. दुपारी व्हॉट्सअॅपवर तो व्हिडिओ आला. जेवण बाजूला सारून त्यांनी तो लावला. पोरांच्या आवाजात त्यांचाही आवाज होता, सगळ्यांच्या पुढे, खणखणीत. चार, पाच, सहा. मग बाहेरच्या झाडाची सळसळ ऐकू आली. पडद्यावरच्या लक्ष्मम्मा बाईंचे ओठ बंद होते आणि मान किंचित वाकडी झाली होती, लांबून कुणी बोलावल्यावर माणूस कान देतो तशी. मग त्यांनी आठ म्हटलं आणि पोरांनीही आठ म्हटलं.

त्यांनी तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला. मग एकट्याच मोजू लागल्या. सहापर्यंत आल्या आणि पुढचा शब्द घशाच्या खालीच राहिला. कानडीत मोजून पाहिलं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु. तिथंही तेच. ‘सात वाजले’ सहज म्हणता येत होतं, ‘सात रुपये’ म्हणता येत होतं. ओळीने मोजत आलं की मात्र त्या जागी पाय अडत होता. सव्वीस वर्षं आपण पोरांना शिकवलं तरी काय?

दुसऱ्या दिवशी त्या व्यंकटच्या दुकानात गेल्या. व्यंकट त्यांच्या पहिल्या तुकडीतला, आता दोन पोरांचा बाप. एका गिऱ्हाइकाला तो डझनभर अंडी मोजून देत होता. पाच, सहा. सातवं अंडं त्याने दोन्ही हातांनी उचललं, न बोलता पिशवीत ठेवलं, मग आठ.

‘‘व्यंकट, सात का म्हणला न्हाईस रे?’’

व्यंकट गोंधळला. ‘‘तितं म्हणायचं नसतं न्हवं बाई?’’ तो म्हणाला. ‘‘तुमच्याच हाताखाली शिकलो की आमी. माझी पोरं बी तसंच म्हणत्यात.’’

परतीच्या वाटेवर बाई कान देऊन चालल्या. बसथांब्यावर दोन बाया शेळ्यांची करडं मोजत होत्या. एका ओट्यावर पोरी दोरीच्या उड्या मोजत होत्या. सगळीकडे सहा यायचा, मग हवेत एक भोक पडल्यासारखं व्हायचं, मग आठ. भर दुपारचं ऊन होतं, ओळखीचे लोक होते, हाक मारून चहाला बोलावत होते, आणि बाईंना त्या गावाची पहिल्यांदा भीती वाटली.

अंगणवाडीत मदतनीस कोंडाबाई खिचडीची भांडी घासत होत्या. धनगराच्या घरच्या, बाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि पहिल्या दिवसापासून बाईंच्या सोबत. बाईंनी त्यांच्यासमोर बसकण मारली. ‘‘कोंडाबाई, तुमाला ठाव होतं?’’

‘‘काय, तुमचं सात व्हय?’’ कोंडाबाईंनी हातही थांबवला नाही. ‘‘पयल्या दिवसापासनं ठाव हाय. समद्या गावाला ठाव हाय.’’

‘‘मग बोलला का न्हाईत?’’

‘‘काय बोलायचं? आमी खळ्यावर जवारी मापताना पयल्या मापाला एक म्हणत न्हाय, लाभ म्हणतो. मेंढरं तर आमी मोजीतच न्हाय. ज्याची त्याची रीत. वाटलं, तुमच्याकडं कानडी मुलखात सातव्याला गप बसायची रीत असंल. मान राखावा माणसानं.’’

अख्ख्या गावाने सव्वीस वर्षं मान राखला होता. बाईंना हसावं की रडावं ते कळेना. मग त्या रडल्या, आणि जी गोष्ट ईरण्णालाही कधी सांगितली नव्हती ती त्यांनी भांड्यांच्या ढिगाऱ्यासमोर बसून सांगितली.

माहेरच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र खोल आणि रुंद. महिनोन्महिने बंद राहिलं की आत विषारी हवा साठते. म्हणून वरची फरशी काढली की अर्धा दिवस तसंच उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचं, तो विझला नाही तरच उतरायचं. त्या दिवशी गड्यांनी फरशी काढली आणि ते भाकरी खायला गेले. लक्ष्मम्मा नऊ वर्षांची, धाकटी सीता पाच वर्षांची. दोघींचा लपंडाव चालला होता आणि राज्य लक्ष्मम्मावर होतं. भिंतीला तोंड लावून, डोळे मिटून ती मोजत होती.

‘‘सहा म्हणले आन हाक आली,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अक्का, अशी. एकदाच. लांबून आल्यासारखी, आन खालनं. सात तोंडात आला हुता. मला वाटलं, डोळे उघडावेत म्हणून फसवायली. म्या आठ म्हणले. नऊ म्हणले. दहा बी म्हणले. सावकाश म्हणले, तिला लपायला वेळ मिळावा म्हणून.’’

कोंडाबाईंनी राखेचा हात धुतला.

‘‘तुमी पळत गेला असता तर तुमी बी आतच उतरला असता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोघी गेल्या असत्या. ते सोडा. पर बाई, मला दुसऱ्याचंच भ्या वाटतं. रोज अठरा पोरं सहापतुर येत्यात, आन रोज ती हाक मारती. मग समदी मिळून आठ म्हणून म्होरं जात्यात. तुमी तिला अजून आतच ठिवलंय. आन ही लेकरं तोंडाशी बसवल्यात.’’

सातवं घर कुणा ‘ती’चं आहे, असं बाईंनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सीताचं नाव त्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. मग शिवांजलीला कसं कळलं, की ते घर तिचं आहे? कोंडाबाईंनी फक्त एवढं सांगितलं, की खेळ संपल्यावर पोरं नऊ घरांतले चिंचोके टोपलीत भरतात, सातव्याला हात लावत नाहीत. झाडताना तो त्या स्वतः उचलतात, आणि तो नेहमी गार लागतो.

महिना असाच गेला. बाई रोज ठरवून यायच्या आणि रोज सहाशी अडायच्या. दोन आयांनी पोरं काढली. सोळा उरली. व्यंकटला बोलावून त्याच्याकडून म्हणवून घ्यावं, असं एकदा मनात आलं, पण तोही तिथं गप्पच बसणार होता. गावात ओळीने मोजताना सात म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. मध्यंतरी एकदा सकाळी पोरं यायच्या आधी बाईंनी दार लावून घेतलं आणि एकटीने खेळ मांडला. सहावा चिंचोका ठेवला आणि त्यांना वाटलं, सतरंजीच्या त्या मोकळ्या जागी कुणीतरी श्वास रोखून वाट बघतंय. त्या दार उघडून बाहेर आल्या आणि कोंडाबाई येईपर्यंत ओट्यावरच बसून राहिल्या.

करिश्मा ठरल्या दिवशी आली. या वेळी ती गोलात बसली नाही, दाराशी उभी राहिली. हातात फॉर्म होता. तिलाही हे लिहायचं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ‘‘सुरू करा बाई,’’ ती म्हणाली.

एक. दोन. तीन. चार. पाच. चिंचोके पडत गेले. सहा. पोरांनी ओठ मिटले, हात पुढे केले. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. बाईंची मान नेहमीसारखी वाकडी झाली, आणि या खेपेला त्यांनी ती तशीच ठेवली. हाक आली. बाकी कुणी ऐकली की नाही, देव जाणे, पण बाईंनी ऐकली, बेचाळीस वर्षांपूर्वीची, खालून आलेली. शिवांजली बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

‘‘सात,’’ बाई म्हणाल्या.

फार मोठ्याने नाही, पण स्वच्छ. सोळा माना वर झाल्या. चुलीपाशी कोंडाबाईंच्या हातातला डाव थांबला. शिवांजलीने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि म्हणाली, ‘‘सात.’’ मग दुसरं पोर म्हणालं, मग तिसरं, मग सगळ्यांनी मिळून एकच गलका केला. बाई पोरांसमोर घळघळा रडत होत्या आणि डोळे पुसायला बाहेर गेल्या नाहीत.

करिश्माने पेन उघडलं. ‘‘छान. आता आठ म्हणा,’’ ती म्हणाली. ‘‘दहापर्यंत झालं की मी सही करते.’’

एका पोराने आठव्या घरासाठी चिंचोका उचलला. बाईंनी हात आडवा धरला. त्या खाली वाकल्या, दहाही घरं ओल्या फडक्याने पुसून टाकली आणि पोरांना हात धुवायला सांगितलं.

‘‘बाई, तीनच आकडे राहिलेत,’’ करिश्मा म्हणाली. ‘‘मला फॉर्म पुरा करायचाय.’’

‘‘आज सातलाच थांबायचं, मॅडम,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पुढचं उद्या मोजू.’’