हौसाबाईंचा डोळा आणि सर्जेरावाचा पुतळा

माझं पोस्टिंग तेव्हा उत्तर सीमेवरच्या एका फील्ड हॉस्पिटलला होतं. मेजर होतो, डोळ्यांचा सर्जन. लोकांना वाटतं, फौजी डॉक्टर म्हणजे रोज गोळ्या काढतो. कसलं काय! सकाळी पीटी, मग ओपीडी, मग चष्म्याचे नंबर. बर्फावरच्या उजेडानं डोळे लालबुंद झालेले जवान यायचे. गॉगल का घातला नाही म्हणून विचारलं की बुटांकडं बघायचे. मी शिव्या द्यायचो, ड्रॉप्स द्यायचो आणि परत पाठवायचो. आमच्या कोल्हापूरकडचा कुणी निघाला तर त्याला वर चहा मिळायचा.

एका दुपारी रेडिओवर निरोप आला.

"टू कॅज्युअल्टीज. मॉर्टर स्प्लिंटर्स. एक की दोनों आँखों में लगा है. रोड से ला रहे हैं. ओव्हर."

"रॉजर. ओटी रेडी. आउट."

एक जण वाचला. दुसरा नाईक सर्जेराव. भुदरगड तालुक्यातला, माझ्या गारगोटीपासून सायकलवर जाता येईल अशा गावचा. स्प्लिंटर, म्हणजे गोळ्याचे तुकडे, पोटातही गेले होते. पोट जनरल सर्जननं घेतलं, डोळे मी. माझं बोलणं ऐकून सर्जेरावानं लगेच ओळखलं.

"सायेब, आमच्याकडचं व्हय तुमी?"

"व्हय. गारगोटी."

"दिसंल न्हवं मला?"

"आधी गप पड. मग बघू."

संध्याकाळी तो गेला. पोटातला रक्तस्राव थांबला नाही. मी बाहेर येऊन गाडीच्या आडोशाला रडलो. मेजरनं रडू नये असा काही नियम नाही. चेहऱ्याच्या वरच्या भागावर जखमा होत्या, म्हणून पेटी उघडायची नाही असं ठरलं. ती तशीच बंद गावी गेली.

कर्नल होऊन निवृत्त झालो आणि गारगोटीत दवाखाना टाकला. आठवडाभर पेशंट, रविवारी कुठल्यातरी गावच्या शाळेत मोफत शिबिर. खरं सांगायचं तर आता कंटाळा येतो. पाठ धरते. शिबिराला आले की लोक आधी भांडतात, मग डोळे दाखवतात. 'तुम्ही समाजसेवा करता' असं कुणी म्हणालं की मला त्याला स्टूलवर बसवून दिवसभर डोळ्यांत बॅटरी मारायला लावावंसं वाटतं. पण रविवार आला की गाडी काढतोच. सवय, दुसरं काय!

सर्जेरावाच्या आईला, हौसाबाईंना, मी निवृत्तीनंतर भेटून आलो होतो. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर मीच, एवढं सांगितलं. पुढं त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. चहा पिऊन निघालो.

गेल्या वर्षी त्यांच्या गावी शिबिर लावलं. हौसाबाई पुतण्याचा हात धरून आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरे झालेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

"मावशी, एवढे दिवस काय केलंत?"

"काय बघायचं ऱ्हायलंय म्हणून बसले हुते. पर आता करा, डाक्टर. मला सर्जाचं तोंड बघायचं हाय. पेटी उघडू दिली न्हाय कुणी. चौकात पुतळा हाय, त्यातलं तरी बघून मरते."

मी उजव्या डोळ्याची तारीख दिली. त्या बाहेर गेल्या आणि पुतण्या, बाबूराव, परत आत आला. गावचा सरपंच, आडदांड गडी, पण आवाज पार खाली गेलेला.

"सायेब, आपरेशन ऱ्हाऊ द्या की."

"का?"

"पुतळा बघितलाईसा न्हवं?"

बघितला होता. गावोगावी असतात तसा, सिमेंटचा, वर सोनेरी रंग दिलेला. गावाकडं सर्जेरावाचा एकच फोटो होता, तोही अंगठ्याएवढा आणि पुसट. मूर्तिकाराला सांगितलं, फौजी दिसला पाहिजे. त्यानं रुंद जबडा केला आणि मिशांना पीळ दिला. पडदा सरकला तेव्हा सगळ्या गावाला कळलं की हा आपला सर्जा नव्हे. पण पाहुणे टाळ्या वाजवत होते. हौसाबाईंना तेव्हाच दिसत नव्हतं. त्या पुढं झाल्या आणि पुतळ्याच्या गालावरून हात फिरवून रडल्या. मग कोण तोंड उघडणार? तेव्हापासून त्या रोज सकाळी भिंतीच्या आधारानं चौकात जातात आणि पदरानं पुतळ्याचं तोंड पुसतात.

"म्हातारीला दिसाय लागलं की तिचा त्योबी आधार जाईल," बाबूराव म्हणाला.

मी उखडलो. "तुमचं झाकायला तिला आंधळी ठेवू? चल, नीघ!"

तो गेला. पण मला रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती. म्हातारी खचली तर? डोळा दिल्यावर परत घेता येत नाही. आठवडाभर हाच घोर होता. शेवटी ठरवलं, बघायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दे.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. हौसाबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. "लई थकलाईसा की वो," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चला चौकात."

मी स्वतः गाडीतून नेलं. बातमी आधीच पोचली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती. हौसाबाई पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो माजा न्हाय," त्या म्हणाल्या.

बाबूराव रडायलाच लागला. "काकी, चुकलं आमचं. फोटू बारीक हुता. पुतळा काढून टाकतो."

"उगी रं. मला ठावं हुतं. रोज पुसत हुते, हाताला कळत न्हाय व्हय? पर वाटायचं, डोळं गेलं तसं हातबी गेलं असतील."

मी चौथऱ्यावर बसलो. त्या माझ्यासमोर आल्या.

"डाक्टर, तुमी शेवटचं बघितलाय त्याला. तोंड कसं हुतं?"

फौजेत रिपोर्ट द्यायला शिकवतात, हे कुणी शिकवत नाही. जखमा मला दिसत होत्या, त्या तिच्या पुढ्यात कशा ठेवू? मग माझ्या हातांना आठवलं ते सांगितलं.

"डोळ्यांवर मी पट्टी बांधली होती, मावशी. खालचं तोंड शाबूत होतं. मी स्वतः पुसलं. दाढी नुकतीच केलेली होती. हनुवटीला खळी होती."

"व्हय!" त्या एकदम म्हणाल्या. "बापाची खळी. ल्हानपणी त्यात काजळाचा टिपका लावायची मी."

त्यांनी पुतळ्याच्या हनुवटीवर बोट टेकलं आणि दाबून धरलं. मग बाबूरावाला म्हणाल्या, "काढू नगा. गावानं मायेनं केलाय. फकस्त हितं एक खळी पाडा."

गावच्या गवंड्यानं त्याच दुपारी छिन्नीनं ती पाडली. जरा वाकडी झाली आणि तिथला सोनेरी रंग उडाला. बाबूराव परत रंग द्यायला निघाला, तर हौसाबाईंनी देऊ दिला नाही. आता त्या भिंतीचा आधार न घेता चौकात येतात, नाईक सर्जेरावाची हनुवटी तेवढी पुसतात आणि घरी जातात.