निरगुडीला नेवता

दिवाळी सरून गावोगाव मंडईची जत्रा भरायला लागली, की गोंदियाचं आमचं कॉलेज ओस पडायचं. पोरं आपापल्या गावची मंडई बघायला पळायची आणि लॅबमध्ये उरायचो मी, एक घरघरणारा फ्रीज आणि माझ्या जंतूंच्या प्लेटा. एमएस्सीचं दुसरं वर्ष होतं. रानातल्या पाल्याच्या अर्काने जखमेतले जंतू मरतात का, ते मी तपासत होतो. मेले तर अर्काभोवती स्वच्छ कडं पडतं. दिवसभर बोलायचं कोणाशी? जंतूंशी? एकटेपणाने नुसता जीव नकोसा व्हायचा.

त्या वर्षी आईने आमगावच्या बसने निरगुडीच्या पाल्याच्या दोन पिशव्या पाठवल्या. एकीला लाल दोरा बांधलेला. आमच्याकडे औषधाला पाला तोडायचा तर आदल्या संध्याकाळी झाडाला पिवळे तांदूळ वाहून नेवता, म्हणजे आमंत्रण, द्यायचा, "उद्या तुले न्याले येतो" म्हणून. मी शाळेत असताना धान कापता कापता बाबांच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली, ताप चढला. आईने घाईत, नेवता न देताच पाला तोडला आणि वाटून बांधला. बाबा गेले. झाडाला मान दिला नाही म्हणून गुण आला नाही, हे तिने मनाशी धरलं ते धरलंच. म्हणून ही परीक्षा. लाल दोऱ्याचा पाला नेवता दिलेला, दुसरा न दिलेला.

सरांना सांगितलं असतं तर हसले असते. मी गुपचूप एकाच प्लेटमध्ये दोन्ही अर्क घातले आणि रीतीप्रमाणे, तुलनेसाठी, दवाखान्यात मिळतं ते साधं औषधही.

दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली. दोन्ही अर्कांभोवती काहीच नाही. जंतू मजेत. औषधाभोवती मात्र लख्ख कडं. मी स्टुलावर बसूनच राहिलो. बाबांची इतकी आठवण कधी आली नव्हती, आणि सांगायला तिथे चिटपाखरूही नव्हतं.

शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर आईला बोलावून घेतलं.

"दोन्ही सारखेच निघाले, आई. नेवता दिला असता तरी गुण आला नसता."

"खरं सांगून राहिला ना?"

"तुझी शप्पथ."

ती रडली. भरपूर रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, "माही चूक नोती मंग! अन् मी बाई एवढी वर्षं त्या झाडाले हात जोडून राहिली." आवाजावरूनच कळत होतं, हलकी झाली होती. मग तिने सहज विचारलं, "मंग कायनं वाचले असते रे ते?"

प्लेट समोरच होती, दवाखान्यातल्या औषधाभोवतीचं कडं लख्ख.

"उद्या घरी येतो, आई," मी म्हणालो. "मंडईला जाऊ."