तपासणीपुरती गोळी

मी अनंतराव. वय सहासष्ट, मूळचा इचलकरंजीचा, गेली तीस वर्षं चेन्नईत. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या ब्रेकचे पाईप दाबाखाली तपासायचो. नव्या पोरांना ऐटीत सांगायचो, "अरे, जास्त दाबानं पाईप लगेच फुटत नाही. वर्षानुवर्षं आतून कडक होत जातो, मग पुढच्या टोकाला तेल पोचत नाही." स्वतःच्या दाबाचं मात्र, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

बीपी निघालं पंचेचाळिसाव्या वर्षी. गोळी रोज घ्यायची होती. पण डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला उगाच? शिवाय कारखान्याची रीत अंगात मुरलेली. ऑडिट आलं की चार दिवस आधी फरशीवर पिवळे पट्टे रंगवायचे, फायली लावायच्या. ऑडिटर गेला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. डॉक्टरांची तारीख जवळ आली की मी पंधरा दिवस गोळी घ्यायचो, लोणचं बंद करायचो, अड्यारच्या पुलापर्यंत चालायचो. आकडा झकास यायचा! बायको विजयालक्ष्मी रोज विचारायची, "गोळी घेतलीत?" मी म्हणायचो, "घेतली." वीस वर्षं हेच चाललं.

गेल्या महिन्यात भाजीची पिशवी घेऊन बाजाराबाहेर उभा राहिलो, आणि घर कुठल्या बाजूला तेच आठवेना. ओळखीच्या भाजीवालीनं घरी आणून सोडलं. मग मेंदूचा एमआरआय झाला.

माझ्या नेहमीच्या डॉक्टर जयंती तंजावरच्या मराठी घरातल्या. विजयालक्ष्मीला बाहेर बसवून त्यांनी मला पडद्यावर पांढरे डाग दाखवले. "प्रेशर वर्षानुवर्षं चढं राहिलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड नि ताठ होतात. आतल्या भागांना रक्त पुरत नाही, ते हळूहळू निकामी होतात. विसर पडतो तो त्यातून."

"पाईपचंही असंच असतं," मी बोलून गेलो.

"डाग पुसता येणार नाहीत. प्रेशर ताब्यात ठेवलं तर पुढची घसरण मंदावू शकते. पण तुमचे आकडे तर कायम चांगले! मला हे कोडंच आहे."

कोडं त्यांच्यासमोर बसलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. एवढा शहाणा मी!

मग त्यांनी पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं, आणि दहा मिनिटांनी तेच पाच शब्द मागितले. मला दोन आठवले. पेरू आणि छत्री. घरी येताना बायकोला म्हणालो, "पाचपैकी दोन. शाळेतसुद्धा इतका नापास झालो नव्हतो."

जेवायला बसणार तेवढ्यात तिनं माझा डावा हात धरला. "अहो, हे काय लिहिलंय?"

तळहातावर निळ्या पेनानं, माझ्याच अक्षरात, पाचही शब्द. डॉक्टरांची नजर चुकवून मी कॉपी केली होती, आणि केल्याचंच विसरलो होतो.

मी हसायला गेलो, हसू येईना. भीती वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी.

"विजू, गोळ्या मी घेतच नव्हतो. फक्त तपासणीपुरत्या घ्यायचो. डॉक्टरांना तू सांग. मी उद्यापर्यंत विसरेन, नाहीतर पुन्हा खोटं बोलेन."

तिचे डोळे भरले. तिनं लगेच जयंतीबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. मग त्यांनी सांगितलेली गोळी माझ्या तोंडात घातली, पाणी दिलं आणि म्हणाली, "तोंड उघडा. गिळलीत का बघू दे."

मी उघडलं.