तळ्याकाठचं हिरवं गवत

आमच्याकडे जमीन नव्हती. माय सौंसरकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला जायची. घरची मालमत्ता म्हणजे तीन शेळ्या. एका हिवाळ्यात त्यांच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबू लागल्या. शेजारचे म्हणाले, नजर लागली. माय नाल्याकाठचं कोवळं गवत कापून आणायची, हातानं चारायची. तिन्ही मेल्या.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. जनावरांची डॉक्टर. हे मी अभिमानानेच सांगते.

मोहगावजवळच्या वस्तीवर भाऊरावकाकांची गाय गाभण होती. घरात तेवढी एकच दुभती. पावसाळ्यात मी तिला जंतांच्या औषधाचा डोस दिला, ती सुधारली. हिवाळ्यात जबड्याखाली पुन्हा तीच पिशवी. अशी गाय वेतापर्यंत टिकेल याची खात्री नसते.

"मॅडम, तुमचं औषध डुप्लिकेट तं नाही?" काकांनी विचारलं.

"औषध बरोबर आहे. हिला काय चारता?"

"आजारी जनावर हाय. तिले तळ्याकाठचं हिरवंगार गवत टाकून राहिलो. बाकीच्यायले कुटार."

कुटार, म्हणजे मळणीनंतरचा कोरडा भुसा, खाणारी बाकीची जनावरं ठणठणीत होती. शेण दवाखान्यात नेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. लिव्हर फ्लूकची अंडी निघाली. हा पानासारखा चपटा किडा, जनावराच्या यकृतात राहतो आणि रक्त पितो.

मी तळ्यावर गेले. पाण्यातल्या गवताच्या देठांना बारक्या तपकिरी गोगलगायी चिकटल्या होत्या.

"ह्या आधी नव्हत्या," काका म्हणाले. "दुसऱ्या तळ्यातून शिंगाड्याचे वेल आनले, तवापासून दिसून राहिल्या."

दवाखान्याच्या वरच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "डोस द्या अन् रिपोर्ट पाठवा. तळं आपल्या डिपार्टमेंटमध्ये येत नाही."

"किडा तिथूनच येतो, सर."

"मग किड्याला नोटीस द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काकांना मी तिथेच बांधावर बसून समजावलं. शेणातली अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेला किडा गोगलगायीच्या पोटात वाढतो, बाहेर पडून गवताला चिकटतो. डोळ्याला दिसत नाही. गाय ते गवत खाते आणि औषधानं मेलेल्या किड्यांच्या जागी नवे येतात.

"म्हंजे आजारी गाईले कुटार चारू? लोकं थुंकतील माह्यावर."

"गाय मेली तर लोक दुसरी देणार आहेत का?"

काका मग बाभळीचे काटे तोडायला उठले.

तळ्याचा काठ काट्यांनी बंद झाला. जनावरांना मोटारीचं पाणी टाक्यात मिळू लागलं. वस्तीतल्या सगळ्या गुराढोरांना मी एकाच दिवशी डोस दिला, म्हणजे अंडी पुन्हा तळ्यात जायला नकोत. गाभण गाईला चालेल असं औषध काकांच्या गाईला दिलं. कुटार पाहून ती आधी तोंड फिरवायची. काकाही माझ्याकडे पाहून तेच करायचे.

घरी जेवताना मायला हे सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"मंग आपल्या शेळ्या म्याच मारल्या का वं?"

"नाही वं माय. तुले कोनी सांगितलंच नव्हतं."

यातून मी एवढंच शिकले, की औषधाची बाटली उघडण्याआधी जनावराची गव्हाण बघावी.

काकांची गाय व्याली. कालवड झाली. पुढच्या हिवाळ्यात वस्तीतल्या प्रत्येक गोठ्यातलं शेण तपासलं. एकातही अंडी निघाली नाहीत.