पाण्याचं वर्ष

लग्न होऊन मी गिरगावातून मुलुंडला आले तेव्हा आमच्या इमारतींमागे बाग नव्हती, बागेचं मंडळ मात्र होतं. आधी मंडळ निघालं, मग अध्यक्ष ठरले, मग नियम झाले, आणि सगळं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की आता जागा पाहिली पाहिजे. ती मिळाली. मागच्या मोकळ्या जमिनीवर मालक पुढेमागे आणखी दोन इमारती उठवणार होता. तोवर नुसती पडून राहण्यापेक्षा भाजी लावा, म्हणाला. पलीकडे डोंगर, मधोमध एक जुनी विहीर. सरकार तेव्हा उठता बसता धान्य पिकवा, श्रमदान करा म्हणून सांगत होतं आणि आठवडाभर कचेरीत खुर्ची झिजवणाऱ्या आमच्या पुरुषांना हातात कुदळ धरायचं मोठं अप्रूप होतं.

सभासदांच्या तीन पायऱ्या होत्या. नवा माणूस आला की तो कुदळीचा. त्याने खणायचं, दगड वेचायचे, कुंपण बांधायचं. त्याचं काम पसंत पडलं की तो पाण्याचा. पाण्याच्या सभासदाला आठवड्यातला एक वार नेमून दिलेला असे. त्या वारी पहाटे विहिरीचं पाणी शेंदायचं आणि दुसऱ्यांच्या वाफ्यांना घालायचं. असं दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत वर्ष काढलं की मग तो वाफ्याचा सभासद. त्याला स्वतःचा वाफा मिळे, त्यात हवं ते लावता येई आणि भाजी घरी नेता येई. काम स्वतःच्या हाताने करायचं, गडी चालणार नाही, मुलगा चालणार नाही. आणि पाण्याच्या वर्षात एक जरी वार चुकला तरी ते वर्ष मोडलं, दसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. झाडं काही तुमची सवड बघून तहानत नाहीत, असं अध्यक्ष म्हणत. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते. बागेतल्या मुळ्यांनीही वेळेवर उगवावं अशी त्यांची अपेक्षा असे.

आमच्या घरातून सभासद झाल्या त्या माझ्या सासूबाई. हे भांडुपच्या कारखान्यात पाळीवर जायचे, त्यांना वार पाळणं जमण्यासारखं नव्हतं, आणि मला मातीत हात घालायची मुळातच हौस नाही. सासूबाई मालवणाकडच्या. मामंजी गिरणीत होते, ते गेल्यावर त्या मुलाजवळ येऊन राहिल्या. गावचं घर भावकीत अडकलेलं, जमीन दिरांच्या ताब्यात. जन्मभर त्यांनी लावलं, निंदलं, कापलं, पण ते बापाच्या शेतात नाहीतर सासऱ्याच्या. काय लावायचं ते त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "गो, माका एक वाफो होयो. त्यात माझ्या मनाचा लावतलंय." त्यांनी आमच्याकडे कधी लुगडंसुद्धा मागितलं नव्हतं. त्या बाईने तोंड उघडून मागितलेली ही एकच गोष्ट.

कुदळीची पायरी त्यांनी बघता बघता ओलांडली. पुरुष घाम पुसत कुदळीला टेकून देशाच्या परिस्थितीवर बोलत उभे असायचे तोवर यांचा तुकडा खणून व्हायचा. मग पाण्याचं वर्ष लागलं. त्यांना रविवार मिळाला होता. पावसात वाफ्यांत पाणी तुंबलेलं असलं तरी त्या आपल्या वारी विहिरीवर जाऊन उभ्या राहात. आज नको, असं अध्यक्षांनी म्हणेपर्यंत हलत नसत.

ते वर्ष संपत आलं आणि गावाहून त्यांचे धाकटे दीर गेल्याची खबर आली. खबर घेऊन आला तो त्यांचा भाचा, त्यांच्या भावाचा मुलगा. तो लालबागला राहायचा आणि गिरणीत होता. सासूबाईंचं माहेर आणि सासर एकाच गावच्या दोन वाड्यांत, त्यामुळे गावातलं बरंवाईट बोटीने त्याच्याकडे यायचं आणि तो ते आमच्याकडे आणायचा. सुतक आलं. अध्यक्षांच्या पत्नी स्वतः घरी येऊन सांगून गेल्या, "दहा दिवस विहिरीला शिवू नका हो, सगळ्यांचं पाणी आहे." सासूबाईंना ते सांगायचीही गरज नव्हती. घरात मीठ कुठल्या हाताने वाढावं इथपासून सगळं पाळणारी बाई ती. त्या घरी बसल्या आणि मधला रविवार गेला.

सुतक फिटल्यावर त्या विहिरीवर गेल्या तर अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, एक वार चुकला, वर्ष मोडलं. मी हे ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. शिवू नका म्हणणारे हे, आणि शिवला नाहीत म्हणून मोडलं म्हणणारेही हेच. मी ह्यांना म्हटलं, जा आणि भांडून या. पण सासूबाईंनीच अडवलं. म्हणाल्या, "नियम तो नियम. त्यांच्या पायऱ्येर जावन पदर कित्याक पसरू?" आणि दसऱ्याला पुन्हा पहिला रविवार धरला. मला त्यांच्या या सोशिकपणाची चीड यायची. सोशिकपणा कसला, तो हट्ट होता, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरं वर्षही सरत आलं. दसऱ्याच्या आधीचा शेवटचा रविवार तेवढा उरला. पण गणपतीपासून त्यांचे थोरले दीर अंथरुणाला खिळले होते. गावाकडून कुणी आलं की सासूबाई पहिल्यांदा त्यांची चौकशी करायच्या. काळजीने करायच्या यात शंका नाही, पण त्या काळजीत विहिरीचाही वाटा होता हे आम्ही दोघी जाणून होतो.

त्या शनिवारी दिवेलागणीला मी पोळ्या करत होते. हे रात्रपाळीला निघून गेले होते. दारात भाचा उभा. डोक्यावर टोपी नाही, दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. सासूबाई समोरच तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि तो तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बोलू नको. एक शबूद काढू नको."

तो म्हणाला, "आत्ये, मी..."

सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "फाल्यां सकाळी सांग. माजा पाणी घालून झाला काय सांग. तोवर माका कायएक ठावक नाय."

मी पोळपाटावरून उठून आले होते ती तशीच उभी राहिले. त्यांचं काय चाललंय ते माझ्या ध्यानात आलं आणि मी थक्क झाले. दूरगावी कुणी गेलं तर सुतक लागतं ते खबर कानावर पडल्यावर. खबर ऐकलीच नाही तर सुतक नाही, विहीर बाटत नाही, रविवार बुडत नाही. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण ज्या बाईने जन्मभर सोवळं पाळलं तिने सुतकाला असं दारात थोपवून धरावं, याने मला जो धक्का बसला तो अगदी कर्मठ माणसाला बसावा तसा होता. मी म्हटलं, "आई, हे बरं दिसतं का?"

"तू पण विचारू नको गो," त्या म्हणाल्या. "तुका कळला तर तुझ्या तोंडार दिसतला."

भाचा बिचारा चाळिशीचा, गावी बायकामुलं असलेला माणूस, पण आत्याचा शब्द ओलांडायची त्यांच्याकडे पद्धत नाही. तो गॅलरीत भिंतीला टेकून बसला. मी ताट वाढलं तर नको म्हणाला. दुखवट्याची खबर घेऊन आलेला माणूस, म्हणून आम्हीही आग्रह केला नाही. थोड्या वेळाने त्याने आत डोकावून एवढंच म्हटलं, "आत्ये, सकाळची बोट..."

"बोट रोज आसता," सासूबाई म्हणाल्या. तेराव्याला पोचायला दिवस भरपूर होते, असा त्यांचा हिशेब. तो पुन्हा भिंतीला टेकला.

पहाटे उठून त्या विहिरीवर गेल्या. भाचा गॅलरीत उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. मीही बघत होते. त्यांनी कुठे घाई केली नाही. शेवटच्या वाफ्याला पाणी घालून झालं तेव्हा अध्यक्ष पुढे आले, काहीतरी बोलले, आणि कुंपणाजवळचा एक तुकडा हाताने दाखवला. सासूबाई त्या तुकड्याशी गेल्या, खाली बसल्या, ढेकूळ उचलून हाताने फोडलं. तिथून परत येताना त्यांचा चेहरा इतका मोकळा होता की मला माझ्या कालच्या रागाची लाज वाटली.

घरात येऊन त्यांनी पाय धुतले, पाटावर बसल्या, पदर डोक्यावरून घेतला. रडायची तयारी करूनच बसल्या म्हणा ना. भाच्याला म्हणाल्या, "हां. आता सांग. थोरले कधी गेले?"

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "थोरल्यांका काय झाला नाय, आत्ये. ते आता उठान बसतत. आजयेचा बरा नाय. तुका बघूक जीव धरून ऱ्हवली हा. चेडवाक घेवन ये, असो निरोप इलो. मी तुका न्हेवक इल्लंय."

चेडू म्हणजे लेक, आणि आजी म्हणजे सासूबाईंची आई. ती चांगली धडधाकट होती, तिचा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनाला शिवलाही नव्हता.

सासूबाई ओले पाय पदराने पुसत होत्या, ते कोरडे झाले तरी पुसतच राहिल्या. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "काल कित्याक सांगलंस नाय?"

"तूच बोलूक दिलंस नाय. माका वाटला, तुका आधीच कोणी सांगल्यान आसतला. तुझा कायतरी अडलेला आसतला, म्हणान थांबलंय."

भाऊच्या धक्क्यावरून मालवणची बोट सुटून गेली होती. थोड्या वेळाने हे पाळीवरून आले, त्यांना आम्ही काय झालं ते सांगितलं. ते आईवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सासूबाई दिवसभर बोचकं बांधून दाराशी बसून होत्या. सोमवारच्या बोटीने भाचा त्यांना घेऊन गेला, मंगळवारी त्या गावात पोचल्या. आजी सोमवारी दिवेलागणीला गेली होती. रविवारची बोट मिळाली असती तर सोमवारचा दिवस त्या आईजवळ असत्या. शेवटपर्यंत शुद्ध होती, असं तिकडच्या बायकांनी त्यांना आवर्जून सांगितलं. बायका असलं आवर्जून का सांगतात, देव जाणे.

सगळं उरकून त्या परत आल्यावर दोन दिवसांनी अध्यक्ष भेटायला आले. मी पाणी दिलं. थोडं इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, "तुमचा वाफा तसाच ठेवलाय. वाफ्याच्या सभासदालाही वार असतात, पण तुमचे चुकले ते धरायचे नाहीत असं ठरवलं. घरात कुणी गेलं तर ती गैरहजेरी मोजायची नाही. कायमचा नियमच करून टाकला परवा."

मी विचारलं, "किती वेळ लागला ठरवायला?"

"वेळ कसला? मी म्हटलं, सगळे हो म्हणाले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोवर या घरात मोठ्यांना कधी उलटून बोलले नव्हते. मी म्हटलं, "मग हे मागल्या वर्षी का नाही झालं? शिवू नका म्हणून सांगायला तुमच्या घरच्याच आल्या होत्या ना?"

त्यांना खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं. ते दुष्ट नव्हते, हेच तर मला सहन होईना. ते म्हणाले, "अहो, पण कुणी म्हटलंच नाही. एकदा येऊन म्हणाल्या असत्या तर आम्ही काय माणसं नाही का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "खरा आसा त्यांचा. मी म्हटलंच नाय." मला वाटलं होतं, आता तरी त्या काही बोलतील, निदान रडतील. त्यांनी अध्यक्षांना चहा विचारला, ते हो म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

त्या रात्री हे आईला म्हणाले की तो वाफा परत करून टाक, आपल्याला नको ती भाजी. माझ्याही मनात तेच होतं. त्या वाफ्यातलं पान घरात शिजवायची कल्पनाच मला सोसत नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "वाफो परत केलंय तर माझी आये परत येतली?"

पुढच्या रविवारी पहाटे त्या खुरपं घेऊन खाली उतरल्या. मी गॅलरीत जाऊन पाहिलं तर वाफ्यात बसून त्या माठाचं बी टाकत होत्या, नेहमीच्याच सवयीने, बोटाच्या चिमटीतून. मला त्यांचा इतका राग आला की मी आत निघून आले आणि उगाचच भांडी घासत बसले. पुढे मालकाने इमारत उठवली तोपर्यंत त्यांनी तो वाफा सोडला नाही. भाजी त्या आणून ओट्यावर ठेवायच्या, मी चिरायची, आम्ही सगळे जेवायचो. त्यांच्या ताटात ती मी न विचारता वाढायची आणि त्या न बोलता खायच्या. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, फक्त तो नक्की कुणावर धरायचा हे आता मला ठरवता येत नाही.