दाजींनी दाखवलेला धबधबा

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. आमचा ग्रह गडहिंग्लजचा, भुसार मालाचा व्यापारी, माझ्या थोरल्या बहिणीचा म्हणजे अक्काचा नवरा. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, आणि दाजींचा शब्द खोडायचा नाही, हा आईचा कायदा. सूर्य पश्चिमेला उगवतो असं ते म्हणाले असते, तर आईनं अंगणातली तुळस पलीकडं हलवली असती.

नव्वदच्या दशकात, अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही दाजीपूरच्या डोंगरात गेलो. हौस अक्काची. तिनं जन्मात धबधबा बघितला नव्हता. कुणाला तरी वाट विचारूया म्हटलं, तर दाजी म्हणाले, "इचारायचं कशाला? गावाला नाव कुणाचं हाय बघा की!"

चढावर वाटेला दोन फाटे फुटले. डावीकडून पाण्याचा धो धो आवाज येत होता. दाजी उजवीकडं वळले.

"अवो, आवाज तर तिकडनं येतोय," अक्का म्हणाली.

"त्यो डोंगराला धडकून उलटा येतोय."

"गप गं," आई अक्कावर डाफरली.

चिखल तुडवत, पायाच्या जळवा उपटत आम्ही एका कातळापाशी पोचलो. वरून पाण्याची एक धार पडत होती. आमच्या न्हाणीतला नळ बरा म्हणायचा. "ह्योच त्यो!" दाजींनी जाहीर केलं. आई "काय बाई पाणी!" म्हणाली, मी फोटो काढला, दाजींनी भडंग वाटलं. फोटो गडहिंग्लजच्या घराच्या सोप्यात फ्रेम करून लागला. त्यात दाजी लगेच दिसायचे, पाणी शोधावं लागायचं. फ्रेम पुसायचं काम अर्थात अक्काचं.

सन दोन हजार उलटून गेल्यावर पुन्हा तिथंच जायचा बेत ठरला. गाडीत बसताना अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "ह्या खेपंला खरा धबधबा बघितल्याबिगर मी परत यायची न्हाय."

एव्हाना दाजींचं पोट सुटलं होतं. जीभ आधीच सुटलेली होती. तोच फाटा आला, डावीकडून तोच आवाज. "वाट पाठ हाय मला," म्हणत दाजी उजवीकडं गेले. त्यांच्या मागं आई, आईच्या मागं मी. केस पिकायला लागले तरी आईचा कायदा मोडायची माझी छाती नव्हती.

धार जागेवरच होती. दाजी दगडावर टेकले. अक्का बसली नाही.

"ह्यो नळ हाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली आणि आल्या वाटेनं परत फिरली. बायको एकटी रानात चालली म्हटल्यावर दाजींना उठावंच लागलं.

डाव्या वाटेनं थोडं गेलो आणि समोर अख्खा कडाच पाण्यानं पांढरा झालेला. लांबूनच आम्ही भिजलो. अक्का पार पुढं जाऊन उभी होती, लुगडं चिंब, आणि ती मोठमोठ्यानं हसत होती. तिला तसं हसताना मी लग्नानंतर बघितलंच नव्हतं. मला फार आनंद झाला, आणि तितकीच लाज वाटली.

दाजींनी कंबरेवर हात ठेवून पाहणी केली. मग ओरडून म्हणाले, "ह्यो नवा दिसतोय! मागल्या खेपंला नव्हता!"

"नवाच असंल," आई म्हणाली.

अक्का वळली. "नवा न्हाय, आई! तवाबी असाच वरडत हुता. तूच मला गप म्हणालीस."

दाजींनी घाईघाईनं भडंगाची पिशवी सोडली आणि आधी आईपुढं धरली. आईनं घेतलं नाही.